पान एक्केचाळीसचा समास

एखादं तत्त्व तुम्ही पाळलंत आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच कुणाला झाली, तर ते तत्त्व नेमकं पाळलं कुणी? तुम्ही, की त्या माणसाने?

घाईने उत्तर देऊ नका. मी चार वर्षं घाईने देत आले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यावर टाळ्या मिळवल्या आहेत.

जून आला की आयर्लंडमध्ये ऊन पडतं. हे हवामान खात्याचं नाही, इथल्या आयांचं म्हणणं आहे. आपल्या बारावीसारखी इथली परीक्षा, लीव्हिंग सर्ट, ज्या बुधवारी सुरू होते त्याच सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघतं, आणि वर्षभर पावसात शाळेला गेलेली पोरं ऐन उन्हात हॉलमध्ये कोंडली जातात. ‘परीक्षेचं ऊन’ असंच म्हणतात त्याला. कुंपणांवर एल्डरची पांढरी फुलं आलेली असतात, ओहोटीला समुद्राकडून शेवाळाचा वास येतो, आणि रात्रीचे दहा वाजले तरी उजेड घरी जायचं नाव घेत नाही.

यंदा मी डब्लिनजवळच्या डून लेरीच्या एका शाळेत पर्यवेक्षक म्हणून उभी आहे. हॉलच्या उंच खिडक्यांतून दांडीवरच्या सीगलसारखा उजेड टेबलांवर येऊन बसतो. घंटेआधी सूचना वाचायच्या असतात. त्यातली एक अशी, की उत्तरपत्रिकेवर स्वतःचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक लिहायचा. पहिल्या दिवशी मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिने सवयीने नाव लिहून टाकलं होतं. “खोडू का?” तिने विचारलं. मी म्हणाले, “हो. पूर्ण खोड.” तिने पेनाने काळं करायला सुरुवात केली. मी तिच्या टेबलाशी उभी होते. माझा स्वतःचा आवाज मी ओळखला.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्येही असंच ऊन होतं, आणि मी हेच सांगितलं होतं.

आम्ही चौघं होतो. रोहिणीताई सर्वांत मोठी. पुण्याची, गणितात एम.एस्सी. करून सॉफ्टवेअरमध्ये गेलेली, सँट्रीला राहणारी. तिच्या शब्दांत, “पोटासाठी कोड, पापक्षालनासाठी गणित.” विनायक वानखडे अमरावतीकडचा. त्याची बायको नावनच्या हॉस्पिटलात नर्स, म्हणून तो नावनला राहायचा आणि पीएच.डी.साठी रोज बसने डब्लिनला यायचा. केतकी साळवी डून लेरीत एका घराच्या माळ्यावरच्या खोलीत राहायची. चिपळूणची, बोलायला हळू, आमच्यात सर्वांत हुशार. हे शेवटचं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तेव्हा असं म्हणायला आमच्यात बंदी होती. आणि चौथी मी.

फ्रान्समध्ये नव्वदेक वर्षांपूर्वी काही तरुण गणितज्ञांनी ठरवलं, की सगळं आधुनिक गणित पायापासून पुन्हा रचायचं, आणि ते एका अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या नावाने छापायचं. ते एकत्र जमत, एकाने लिहिलेला मसुदा मोठ्याने वाचला जाई, बाकीचे त्याच्या चिंध्या करत, मग दुसरा कुणी तो पुन्हा लिही. सगळ्यांना पटल्याशिवाय एक ओळही छापायला जात नसे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला ही गोष्ट कळली आणि त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. मला वाटलं, हे गणितज्ञ नव्हेतच, ही माझ्या आईची माणसं आहेत.

माझी आई सांगलीत पत्रकं वाटायची. अंधश्रद्धेविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, धरणात गेलेल्या गावांसाठी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. ओल्या शाईचा वास, पिवळा स्वस्त कागद, चार घड्या घालायची पद्धत. खाली नाव कधीच नसे. ‘आम्ही सर्व’ एवढंच असे. मी एकदा विचारलं, “आई, हे तूच लिहिलंयस ना?” ती म्हणाली, “लिहिलं मी. पण खरं असेल तर ते सगळ्यांचं आहे, आणि खोटं असेल तर माझं नाव लावून काय ते खरं होणारे?” मी सहा वर्षांची होते. असलं वाक्य सहाव्या वर्षी कानावर पडलं की माणूस आयुष्यभरासाठी बिघडतो.

तर आम्ही मराठीतून आधुनिक गणिताचं पुस्तक लिहायला घेतलं. लेखक म्हणून एक गृहस्थ बनवले, त्रिंबक महादेव उंबरे. निवृत्त मुख्याध्यापक, विधुर, चहात साखर दोन चमचे. शनिवारी सँट्रीच्या फ्लॅटमध्ये बैठक व्हायची. रोहिणीताईची दहा वर्षांची इरा सोफ्याच्या पाठीवर बसून ऐकायची आणि इथल्या मुलांच्या भाषेत विचारायची, “मम्मा, हू इज युअर मॅन उंबरे?” युअर मॅन म्हणजे तो अमका, तो कोण तो. रोहिणीताई पोहे ढवळत म्हणायची, “तुझ्या आईचा दुसरा बॉस. पहिला निदान सुट्टी तरी देतो.”

नियम मी लिहिले होते. मसुदा हाताने लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. ज्याला हरकत असेल त्याने पोह्याच्या पातेल्यावर चमचा वाजवायचा. एक चमचा वाजला तरी ओळ अडली. ज्याने चमचा वाजवला त्याने ती ओळ घरी नेऊन पुन्हा लिहायची. जुना मसुदा फाडून रद्दीच्या हिरव्या डब्यात टाकायचा. मंजूर झालेलं पान मी टाईप करायची. आणि या पुस्तकातल्या कशावरही, पुस्तकात किंवा बाहेर, कुणीही आपलं नाव घालायचं नाही.

फ्लॅट विमानांच्या वाटेवर होता. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जाई, वाचणारा बोट ओळीवर ठेवून थांबे, खिडकीची काच गुणगुणे, आणि विमान गेलं की वाचन तिथूनच पुढे सुरू होई. खरे आक्षेप त्या थांबण्यात सुचायचे. केतकी अशा वेळी डोळे मिटायची. विमान गेल्यावर तिने डोळे उघडले आणि चमच्याकडे हात नेला की विनायक म्हणायचा, “मेलो. ही वर जाऊन बघून आली.”

पान एक्केचाळीसवर एक लेमा आहे. लेमा म्हणजे मोठ्या सिद्धतेआधी लागणारी छोटी पायरी. केतकी गॉलवेकडे सहलीला गेली होती. तिकडे शेतांना चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती असतात. परत आल्यावर ती म्हणाली, “समजा अशी भिंत कुठे संपतच नाही. प्रत्येक दगड मोजक्याच दगडांवर टेकलाय. मी एक काढला. पडझड कुठवर जाईल?” काही अटी असतील तर ती कुठेतरी थांबते, एवढं जुनंच ठाऊक होतं. ती किती दूर जाऊन थांबेल हे आधीच सांगता येण्याची रीत केतकीने शोधली. साडेतीन ओळी. तिने वाचल्या आणि कुणीच चमचा उचलला नाही. पातेल्यातले पोहे गार झाले. विनायक म्हणाला, “च्यायला.” आमच्या बैठकीतली ती सर्वांत लांब स्तुती.

त्या जूनमधल्या तिसऱ्या शनिवारी, बाल्कनीचं दार उघडं, खाली कुणीतरी गवत कापत होतं आणि त्याचा हिरवा वास घरभर, तेव्हा केतकी म्हणाली, “एक विचारायचं होतं. एक्केचाळीसचं तेवढं मला वेगळा पेपर म्हणून छापू द्याल? माझ्या नावाने. एकच.”

तिची पीएच.डी. संपली होती. इथे राहायचं कार्ड सप्टेंबरात संपणार होतं. एका विद्यापीठात दोन वर्षांची जागा निघाली होती आणि तिथे अट होती, की स्वतःचं, एकटीचं काही काम दाखवा. तिचं एकटीचं सर्वांत चांगलं काम उंबऱ्यांच्या पुस्तकात होतं.

“छाप की,” रोहिणीताई म्हणाली. “उंबरे काय कोर्टात जाणारेत?”

विनायक माझ्याकडे बघून म्हणाला, “नियम सईने लिहिलेत. तिला विचार.”

वरून विमान गेलं. सगळे थांबले. मी त्या थांबण्यात विचार केला असं मला सांगायला आवडलं असतं. मी विचार केला नाही. मला फक्त ऐकू आलं, की हे आईच्या पत्रकासारखं स्वच्छ काहीतरी आहे आणि त्यावर डाग पडतो आहे. काच गुणगुणायची थांबली आणि मी चमचा वाजवला.

“एक पान उघडलं की सगळं पुस्तक उघडं पडतं,” मी म्हणाले. “उद्या प्रत्येकजण आपापली ओळ मागेल. मग आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?”

केतकीने मान हलवली. “ग्रँड,” ती म्हणाली. इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात, आणि अजिबात ठीक नसलं तरी ग्रँडच म्हणतात. तिने पुढचं पान वाचायला घेतलं. त्यात एकदाही ती अडखळली नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. मला वाटलं, बघा, ही खरी आमची.

त्याच आठवड्यात मी प्रस्तावना लिहिली. एका दमात, उभ्या उभ्या, पत्रक लिहितात तशी. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ‘या पुस्तकातली एकही ओळ कोणा एकाची नाही, तसा दावा कुणी केला तर तो खोटा समजावा.’ शनिवारी ती वाचून झाल्यावर मी केतकीकडेही पाहिलं होतं. चमचा तिच्या समोरच पडला होता. तिने तो उचलला नाही.

ती जागा तिला मिळाली नाही. सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ती गेली. विमानतळ सँट्रीपासून जवळ, तरी तिने कुणाला येऊ दिलं नाही. “बैठक चुकवू नका,” म्हणाली. आम्ही चुकवली नाही. विनायक सातवं प्रकरण वाचत होता. अडीचच्या सुमारास वरून एक विमान गेलं, आणि नेहमीच्या सवयीने त्याने बोट ओळीवर ठेवलं आणि तो थांबला. तिचं होतं की दुसरं कुठलं, माहीत नाही. काच गुणगुणत राहिली. मग आवाज गेला, आणि विनायकने पुढची ओळ वाचली. आम्ही तिच्यासाठी एवढंच केलं. जितका वेळ विमान डोक्यावर होतं तितका वेळ गप्प बसलो.

पुस्तक सांगलीत छापलं गेलं. पहिल्या दहा प्रती विनायकचे वडील आपल्या बॅगेतून घेऊन आले. ते पहिल्यांदाच देशाबाहेर पडले होते. नावनच्या घरी आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. त्यांनी प्रती एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि लेकाला म्हणाले, “इमानात बसल्या बसल्या सारे पानं पाह्यले. तुह्यं नाव नाही सापडलं. काऊन बाप्पा? चुकून रायलं का?”

विनायक म्हणाला, “आमच्यात नाव टाकत नाहीत बाबा. पद्धत आहे.”

“मंग हे उंबरे कोन?”

विनायक म्हणाला, “आमचे सर आहेत.”

“मोठा मानूस दिसते,” ते म्हणाले आणि मुखपृष्ठावरून हात फिरवला.

नंतर विनायकने मला स्वयंपाकघरात गाठलं. कपाटाचं दार उघडं होतं, इथल्यासारखं आम्हीही त्याला प्रेस म्हणायला लागलो होतो, आणि तो त्यातून कप काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “सई, एकाच प्रतीवर. बाबांच्या. आतल्या पानावर मी पेनाने माझं नाव लिहितो. छापील काही नाही.”

मी म्हणाले, “हाताने लिहिलेलंही नावच असतं विन्या.”

त्याने कप मोजून ट्रेमध्ये ठेवले. त्याचे वडील निघताना मला म्हणाले, “उंबरे साहेबायले माहा नमस्कार सांगजा.” मी सांगते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात ते गावी गेले. कायमचे. शेवटच्या क्षणी त्यांच्या उशाशी ती प्रत होती, असं विनायकच्या बायकोकडून कळलं. ते गावात सगळ्यांना सांगायचे म्हणे, की माझ्या पोराच्या सरांनी लिहिलंय.

त्यानंतर बैठका पातळ होत गेल्या आणि एका शनिवारी झालीच नाही. भांडण वगैरे नाही. नुसतं कुणी पोह्यांचं विचारलं नाही.

पुस्तक मात्र चाललं. कॉलेजांच्या लायब्ररीत गेलं, पोरांनी झेरॉक्स काढल्या. प्रस्तावनेसकट त्यातला एक भाग आम्ही इंग्रजीत करून नेटवर ठेवला होता. तो कुठल्या कुठे पोचला, आणि आता परदेशी पेपरांत पान एक्केचाळीसच्या त्या साडेतीन ओळींना ‘उंबरे लेमा’ म्हणतात. चहात दोन चमचे साखर घेणारा, कधीच न जन्मलेला माणूस गणितात अमर झाला आहे. केतकी चिपळूणला प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये शिकवते. एका तुकडीत नव्वद मुलं, दिवसाला चार तुकड्या. पर्याय अ, ब, क, ड.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. आम्हा तिघांना. साडेतीन वर्षांतला पहिला. ‘एका विद्यापीठात मला मुलाखतीला बोलावलंय, जुलैत. ते म्हणतात, लेमा तुमचा असेल तर प्रस्तावना त्याला खोटं का म्हणते. ते शेवटचं वाक्य काढता येईल का? बाकी काही नको.’

मी त्याच संध्याकाळी त्या विद्यापीठाच्या निवड समितीला पत्र लिहिलं. दोन पानं. भिंतीपासून पोह्यापर्यंत सगळं. सभ्य उत्तर आलं, की एका व्यक्तीचं पत्र समूहाच्या छापील निवेदनाला खोडू शकत नाही, समूहाने मिळून दुरुस्ती केली तर अवश्य विचार करू. मग मी पुरावा शोधायला निघाले. केतकीच्या अक्षरातला मसुदा? मीच फाडून हिरव्या डब्यात टाकला होता. दोनदा फाडला होता, नियमाप्रमाणे. टाईप केलेल्या फाईलचा इतिहास बघितला. कोणी काय लिहिलं हे संगणक लक्षात ठेवतो. पान एक्केचाळीस, ओळ नऊ ते बारा, लेखक: सई. टाईप मी करायची ना. संगणकाच्या मते अख्खं पुस्तक माझं आहे.

समूहाने मिळून, म्हणजे चौघांच्या संमतीने. तोही नियम माझाच. रोहिणीताईने लगेच लिहिलं, “काढ. चार वर्षांपूर्वीच काढायचं होतं, मी पोहे करत बसले.” राहिला विनायक. मी फोन केला.

“बोल.”

“केतकीचं वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“मग काय. टक टक.”

“विन्या, मस्करी नको.”

“मस्करी नाही. हाताशी पातेलं नाही म्हणून तोंडाने वाजवतोय.”

“तिची नोकरी आहे रे.”

“तेव्हाही नोकरीच होती. तेव्हा तू काय म्हणालीस? एक पान उघडलं की सगळं पुस्तक उघडं पडतं. मला पाठ आहे.” तो थांबला. मागे त्याच्या लेकीचा आवाज येत होता, इंग्रजीत काहीतरी मागत होती. मग तो हळू म्हणाला, “माझा बाप परक्या माणसाचं पुस्तक उशाशी घेऊन गेला, सई. मी त्याला सांगू शकलो नाही, की सत्तराव्या पानावरची दुसरी सिद्धता माझी आहे. तू नियम म्हणालीस, मी पाळला. आता तो नियम खोटा होता म्हणतेस? मग माझ्या बापाला सांग. जाऊन सांग.”

वर विमान नव्हतं, तरी आम्ही दोघं बराच वेळ थांबून होतो.

नेटवरच्या प्रतीचा पासवर्ड माझ्याकडे आहे. त्या वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून मी एक अख्खी संध्याकाळ बसले. बाहेर समुद्रातल्या लांब धक्क्यावर, पिअरवर, माणसं आईस्क्रीम खात फिरत होती, उजेड संपत नव्हता. एक कळ दाबायची होती. पण समितीला समूहाची सही हवी होती, आणि समूहाची म्हणून मी ती एकटीने केली तर ती सही पुन्हा खोटी. शिवाय विनायकची हरकत अशी एकटीने मोडणं म्हणजे तेच, जे मी त्या शनिवारी केलं. दुसऱ्याच्या वाट्याचं मीच ठरवायचं. माझ्याच नियमाने माझे हात बांधले आहेत, आणि ते बांधताना मी इतक्या चांगल्या गाठी मारल्या, की सुटत नाहीत.

मी आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगं, आम्ही नाव का लिहायचो नाही ठाऊक आहे का तुला?”

“खरं असेल तर ते सगळ्यांचं म्हणून.”

“ते तुला सांगायला होतं. पोलीस नाव शोधत यायचे म्हणून.”

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? सत्ता जिथे नाव शोधत येते तिथे नाव न लिहिणं म्हणजे माणूस वाचवणं. पण जिथे सत्ता खिडकीमागे बसून म्हणते, तुझं नाव कशावर आहे ते दाखव, नाहीतर कार्ड ठेव आणि नीघ, तिथे नाव खोडणं म्हणजे त्या खिडकीमागच्या माणसाला मदत करणं. मी बंड समजून कारकुनी केली. आणि त्या फ्रेंच मंडळींचंही मी अर्धंच वाचलं होतं. ते बहुतेक प्राध्यापक होते. समूहाबाहेर स्वतःच्या नावाने ते खुशाल लिहीत. नाव गाळण्याची चैन त्यांना परवडत होती, कारण नाव त्यांच्याकडे होतं. आम्ही त्यांचा नियम घेतला, त्यांच्यापेक्षा कडक केला, आणि आमच्यातल्या सर्वांत कमी आधार असलेल्या मुलीवर तो चालवून बघितला. लेमा खरा निघाला. एक दगड काढला की पडझड किती दूर जाते ते मोजता येतं. चिपळूणपर्यंत जाते. अमरावतीजवळच्या एका उशापर्यंत जाते.

काल गणिताचा दुसरा पेपर झाला. मधल्या रांगेतली ती मुलगी सर्वांत शेवटी उठली. उत्तरपत्रिका गोळा करताना मी पाहिलं, पहिल्या दिवशीसारखंच तिने पुन्हा सवयीने नाव लिहिलं होतं, आणि आठवण झाल्यावर स्वतःच खोडलं होतं. काळ्या चौकोनाखाली अक्षरांची धार अजून दिसत होती. तिचं नाव सुरक्षित आहे, कुठल्यातरी यादीत तिच्या क्रमांकासमोर ते लिहिलेलं आहे, निकालाच्या दिवशी ते तिला परत मिळेल. आम्ही खोडली त्या नावांची यादी कुणाकडेच नाही. माझ्या डोक्यात आहे तेवढीच.

म्हणून हा लेख. समूहाच्या मजकुराला मी हात लावणार नाही, विनायकचा चमचा वाजलेला आहे. पण समास आमचा नव्हता. समासाबद्दल एकही नियम मी केलेला नाही, तो वाचणाऱ्याचा. लिहिण्याआधी केतकीला विचारलं. तिचं उत्तर आलं, “नाव लिहिणार असशील तर पूर्ण लिही. के. साळवी नको.” समितीला एवढं पुरेल असं मला वाटत नाही. मुलाखत तीन आठवड्यांवर आहे आणि माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही.

तर माझी विनंती. तुमच्याकडे, तुमच्या कॉलेजात, तुमच्या जुन्या खोक्यात त्रिंबक महादेव उंबरे यांचं पुस्तक किंवा त्याची झेरॉक्स असेल, तर ती आज काढा. प्रस्तावनेतल्या शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ मारा. मग पान एक्केचाळीस उघडा, आणि ओळ नऊ ते बारा यांच्या समासात लिहा: केतकी दिगंबर साळवी. यापुढे तो लेमा वर्गात सांगाल, पेपरात वापराल, तेव्हा उंबरे म्हणू नका, साळवी म्हणा. पान सत्तरच्या समासात काही लिहू नका. ती जागा ज्याची आहे त्याने सांगेपर्यंत ती कोरी राखा, पण कोरी आहे हे लक्षात असू द्या.

पेन्सिलने नको, पेनाने लिहा. ग्रंथपालांनी विचारलं, पुस्तक कुणी खराब केलं, तर माझं नाव सांगा. सई मोहिनी कदम.